वर्गात इंटरनेट शिकवताना : सहा तासांचा आराखडा

शाळांमध्ये इंटरनेट सुरक्षेचा विषय बहुधा एकाच भाषणात उरकतात. सगळे वर्ग सभागृहात एकत्र बसवायचे, फसवणुकीच्या चार भयंकर घटना सांगायच्या, ‘अनोळखी माणसांशी बोलू नका’ असं बजावायचं आणि मुलांना परत वर्गात पाठवायचं. याने मुलांच्या सवयी फारशा बदलत नाहीत. उलट एक तोटा हमखास होतो : मुलं गप्प होतात. पुढे खरोखरच काही घडलं तर ‘सांगितलं होतं ना?’ हे ऐकावं लागेल, या धास्तीने ती कुणालाच काही सांगत नाहीत. त्यामुळे या आराखड्यातली बरीच मेहनत सवयी बसवण्यावर आणि मुलांची जीभ मोकळी ठेवण्यावर आहे.

आराखडा १० ते १४ वयोगटासाठी आहे. ४० मिनिटांचे सहा तास, आठवड्याला एक, आणि त्यानंतर वर्षभर इतर विषयांच्या तासांत पाच-पाच मिनिटांची उजळणी. सहाही तास एकाच आठवड्यात कोंबू नका. मधल्या दिवसांत मुलं घरी जे करून पाहतात, त्यातूनच पुढच्या तासाचे प्रश्न येतात.

तयारी

संगणक कक्षाची तपासणी विद्यार्थ्याच्या लॉगिनने करा. शिक्षकांच्या खात्याला अनेकदा जास्त मोकळीक असते, त्यामुळे तुम्हाला दिसणारं आणि मुलांना दिसणारं इंटरनेट सारखं नसतं. धड्यात लागणारी प्रत्येक साइट त्याच लॉगिनने उघडून पाहा आणि प्रत्येकीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ऐन तासाला नेट गेलं तर त्यावर काम भागतं.

शाळेकडे स्वतंत्र फिल्टर नसेल तर राउटरमधला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलणं सर्वात सोपं. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठी मोफत सेवा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरलं की घातक आणि फक्त प्रौढांसाठी असलेल्या बऱ्याच साइट्स बंद होतात. भरूनही फरक पडला नाही तर ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ तपासा. तिथे दुसरी सेवा निवडलेली असेल तर ब्राउझर राउटरला विचारतच नाही. मुलांच्या स्वतःच्या मोबाइल डेटावर मात्र या कशाचाच परिणाम होत नाही.

कोणताही फिल्टर कधी नको ते सोडतो, तर कधी शरीरशास्त्राच्या धड्याला लागणारी साइट अडवतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम ठरवा. नको ते दिसलं तर मॉनिटरचं बटण बंद करायचं किंवा लॅपटॉपची स्क्रीन खाली झुकवायची, आणि हात वर करायचा. टॅब बंद करायचा नाही, कारण ती साइट अडवायला तिचा पत्ता लागतो. हात वर करणाऱ्याला कुणी रागावणार नाही, हेही त्याच वाक्यात सांगा आणि पाळा. पहिल्याच मुलावर डाफरलात तर दुसरा हात वर येणार नाही.

प्रोजेक्टरवर स्वतःचं रोजचं ब्राउझर प्रोफाइल उघडू नका. सर्च बॉक्समध्ये जुने शोध दिसतात, कोपऱ्यात मेसेज झळकतात, व्हिडिओ संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होतो. शिकवण्यासाठी वेगळं प्रोफाइल करा, नोटिफिकेशन आणि ऑटोप्ले बंद ठेवा.

आणखी एक चूक सर्रास दिसते : एखादं टूल वर्गात वापरायचं म्हणून मुलांना जन्मवर्ष खोटं भरायला लावणं. बहुतेक समाजमाध्यमांची किमान वयोमर्यादा १३ असते. तिचं मूळ अमेरिकेच्या १९९८ सालच्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्यात आहे. त्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागते. इतर देशांत ही मर्यादा वेगळी असू शकते, तेव्हा आपल्याकडचा नियम बघूनच टूल निवडा. खात्याशिवाय चालणारं टूल मिळत असेल तर तेच बरं.

पहिला तास : मुलं नेमकं काय करतात

शिकवण्याआधी विचारा. निनावी चिठ्ठीवर तीन प्रश्न : कोणती ॲप आणि गेम वापरता, ऑनलाइन कधी अस्वस्थ वाटलं का, तसं वाटलं तर कोणाला सांगाल. अक्षरावरून मूल ओळखू येतं, म्हणून पर्याय छापून फक्त खुणा करायला सांगा आणि सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या. तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ असं किती जण म्हणतात, तो आकडा लिहून ठेवा. सहा तासांनंतर हीच चिठ्ठी पुन्हा भरून घ्यायची आहे.

उरलेल्या वेळात धोक्यांची वर्गवारी. सोनिया लिव्हिंगस्टोन आणि मारिया स्टोइलोवा या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडलेले चार गट वर्गात छान चालतात : आशय, म्हणजे जे दिसतं ते, संपर्क, म्हणजे जे मोठे लोक मुलांशी बोलतात ते, वर्तन, म्हणजे मुलं एकमेकांशी जे करतात ते, आणि करार, म्हणजे आपण न वाचता ज्याला ‘होय’ म्हणतो ते. सोळा प्रसंग कार्डांवर लिहून गटागटांना द्या आणि चार ढिगांत लावायला सांगा. चौथा ढीग मुलांना नवा असतो. गेममधली खरेदी, फुकट चाचणीनंतर आपोआप सुरू होणारी वर्गणी, साधा कॅल्क्युलेटर असून फोनमधले संपर्क मागणारं ॲप, हे सगळं त्यात जातं. एखाद्या कार्डावरून दोन गट भांडले तर भांडू द्या. काही प्रसंग खरंच दोन ढिगांत बसतात.

दुसरा तास : खासगी माहिती आणि पासवर्ड

‘पत्ता सांगू नका’ हे मुलांना तोंडपाठ असतं. पत्ता न सांगताही तो कळतो, हे त्यांना ठाऊक नसतं. एका काल्पनिक मुलीच्या पाच पोस्ट तयार करा : गणवेशातला फोटो, ‘दर मंगळवारी पाचला पोहणं’, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, वाढदिवसाचा केक, मैत्रिणीने टॅग केलेला बसथांबा. दहा मिनिटांत गटांनी तिच्याबद्दल काय काय शोधलं ते फळ्यावर लिहा. शाळा, वय, मंगळवारी संध्याकाळी ती कुठे असते, सगळं निघतं. हा खेळ वर्गातल्या खऱ्या मुलाच्या खात्यावर करू नका, त्याने आनंदाने होकार दिला तरीही.

मग फोटोत दडलेली माहिती दाखवा. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची वेळ आणि जागा दोन्ही नोंदले जातात. शाळेच्या मैदानात झाडाचा एक फोटो काढा आणि गॅलरीत त्याचा तपशील उघडा; नकाशावर शाळाच दिसेल. मोठी समाजमाध्यमं फोटो सर्वांना दाखवताना ही माहिती सहसा काढून टाकतात, पण ईमेलने किंवा मेसेजिंग ॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती फोटोसोबत जाते. तिथल्या तिथे कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी कशी बंद करायची तेही करून दाखवा.

जाता जाता इन्कॉग्निटोबद्दलचा, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दलचा, गैरसमज दूर करा. तिच्यामुळे एवढंच होतं की त्या ब्राउझरमध्ये इतिहास साठत नाही. शाळेचं नेटवर्क, इंटरनेट कंपनी आणि ती साइट यांना भेट दिसतेच.

पासवर्डसाठी गणित वापरा, उपदेश नको. चार अंकी पिनचे पर्याय १०,०००. आठ इंग्रजी लहान अक्षरांचे पर्याय २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. आकडा ऐकून वर्ग खूश होतो. मग सांगा की सेकंदाला १,००० कोटी अंदाज तपासणारं यंत्र धरलं तर हे सगळे पर्याय २१ सेकंदांत संपतात. सोळा अक्षरांना त्याच यंत्राला सुमारे १ लाख ३८ हजार वर्षं लागतात. चिन्हांच्या करामतीपेक्षा लांबी किती उपयोगी पडते, ते इथे आपोआप पटतं.

पण हा हिशेब अक्षरं खरोखर कशीही निवडलेली असतील तरच खरा. माणसाच्या डोक्यातून ‘कशीही’ काही येत नाही. येतं ते नाव, जन्मसाल किंवा गाण्याची ओळ. म्हणून शब्द फाशांनी निवडायची पद्धत दाखवा. फासा पाच वेळा टाकल्यावर ७,७७६ शक्यता होतात, म्हणून तेवढ्याच शब्दांची क्रमांक लावलेली यादी वापरतात. वरच्याच यंत्राला चार शब्दांचे सगळे पर्याय तपासायला सुमारे सव्वाचार दिवस लागतात, पाच शब्दांना सुमारे ९० वर्षं. एका शब्दाने एवढा फरक.

इथे दोन गोष्टी बिघडतात. वर्गात सोयीसाठी ३६ शब्दांची छोटी यादी केली तर चार शब्दांचे पर्याय सोळा-सतरा लाखच होतात. ती फक्त खेळासाठी, खऱ्या खात्यासाठी नाही. दुसरं, मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करताना मुलं एकच शब्द तीन प्रकारे लिहितात आणि मग खातं उघडत नाही. आधी स्पेलिंग ठरवा, दहा वेळा टाइप करा, मगच पासवर्ड बदला. आणि सरावात कुणीही आपला खरा पासवर्ड लिहायचा नाही, ‘पासवर्ड किती मजबूत’ सांगणाऱ्या साइटवर टाकायचा नाही, तुम्हालाही सांगायचा नाही. विसरला तर तुम्ही तो नवा करून द्याल. जुना माहीत असण्याची गरज नाही. द्विस्तरीय पडताळणीचा, म्हणजे पासवर्डनंतर वेगळा मागितला जाणारा, कोडही याच नियमात बसतो. तो मागणारा माणूस कोणीही असो, कोड सांगायचा नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलांना यातलं काही झेपत नाही. त्यांना एवढंच : पासवर्ड घरातल्या मोठ्यांना सांगायचा, मित्राला नाही.

तिसरा तास : लिंक वाचणं

मुलं पत्ता डावीकडून वाचतात आणि ओळखीचा शब्द दिसला की थांबतात. फसवणारे याचाच फायदा घेतात. फळ्यावर लिहा : एचटीटीपीएस://लायब्ररी.कॉम.फ्री-गिफ्ट.नेट/लॉगिन. आता पायऱ्या :

१. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा झाका.
२. त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या उजवीकडचं सगळं झाका.
३. उरलेलं उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे दोन तुकडे, ‘फ्री-गिफ्ट.नेट’, हा साइटचा खरा मालक. ‘लायब्ररी’ हे नुसतं सजवलेलं लेबल.

काही देशांच्या पत्त्यांत शेवट ‘को.यूके’ असा दोन तुकड्यांचा असतो; तिथे शेवटचे तीन तुकडे घ्यायचे. असे दहा पत्ते द्या, त्यांत तीन खरे असू द्या. दहाही खोटे दिले तर मुलं फक्त ‘खोटं’ म्हणायला शिकतात.

पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हावर जुनी पोस्टर्स फार भर देतात. ती पोस्टर्स काढून टाका. जोडणी सांकेतिक आहे, वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं. पलीकडे ठग असला तरी साइटला कुलूप असू शकतं. नवीन ब्राउझरमध्ये तर ते चिन्हही बदललेलं दिसेल.

फसव्या मेसेजची भाषाही तपासायला लावा, पण शुद्धलेखनाच्या चुकांवर विसंबू देऊ नका. यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेले मेसेज आता निर्दोष असतात. घाई, बक्षीस किंवा धमकी, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ या तीन खुणा जास्त भरवशाच्या. अशा वेळी मेसेजमधली लिंक न वापरता त्या संस्थेचं ॲप किंवा साइट स्वतः उघडून पाहायची, हा एकच तोडगा घोकून घेतला तरी चालेल.

चौथा तास : खरं की खोटं

शक्य असेल तर या विषयाला दोन तास द्या.

बहुतेक शाळांत साइट तपासायची यादी शिकवतात : मांडणी चांगली आहे का, लेखकाचं नाव आहे का, ‘आमच्याविषयी’ पान आहे का. खोटी साइट हे सगळं सहज पुरवते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४५ जणांना साइट्स तपासायला दिल्या : १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी पानावरच रेंगाळले, वरून खालपर्यंत वाचत बसले आणि चांगल्या दिसणाऱ्या मांडणीला भुलले. तपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून नवे टॅब उघडत, आणि इतर लोक त्या साइटबद्दल काय म्हणतात ते पाहत. वेळ कमी लागला आणि निष्कर्षही बरोबर निघाले. ही ‘बाजूने वाचण्याची’ सवय शिकवता येते.

माइक कॉलफील्ड यांनी ती चार हालचालींत बसवली आहे : थांबा, स्रोत कोण ते पाहा, हीच बातमी दुसरीकडे चांगल्या ठिकाणी आहे का शोधा, आणि उद्धृत केलेली वाक्यं, फोटो किंवा दावा मुळाशी नेऊन पाहा. फळ्याच्या कोपऱ्यात हे चार शब्द वर्षभर राहू द्या : थांबा, स्रोत, दुसरीकडे, मूळ.

सरावासाठी १९९८ पासून चालणारी ‘पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्री ऑक्टोपस’ ही साइट उत्तम आहे. झाडावर राहणाऱ्या, नामशेष होऊ घातलेल्या ऑक्टोपसला वाचवा, असं ती गंभीर चेहऱ्याने सांगते. आधी फक्त छापील पान द्या आणि ‘हा प्राणी खरा का?’ यावर गुप्त मत घ्या. मग टॅब उघडू द्या. ही गंमत आहे हे पहिल्या शोधातच कळतं. काही शिक्षकांना त्यामुळे हा सराव फुकट गेला असं वाटतं. खरं तर इथेच धडा पूर्ण होतो : पानाकडे पाच मिनिटं टक लावून जे कळलं नाही, ते वीस सेकंदांच्या शोधात कळलं. मात्र फसलेल्या मुलांवर कुणाला हसू देऊ नका.

एकच संगणक असेल तर मुलांनी शोधशब्द सांगायचे आणि तुम्ही टाइप करायचे. ‘ट्री ऑक्टोपस वाचवा’ असं शोधलं आणि ‘ट्री ऑक्टोपस खरा का’ असं शोधलं, तर निकाल कसे बदलतात ते शेजारी-शेजारी दाखवा. पहिल्या काही निकालांवर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, तेही बोटाने दाखवावं लागतं. मुलांना ते दिसतच नाही.

फोटोसाठी गूगल लेन्स किंवा टिनआय ही फोटोवरून शोध घेणारी टूल वापरा. टिनआयमध्ये निकाल सर्वात जुन्यापासून लावता येतात, त्यामुळे ‘कालच्या पुराचा’ फोटो पाच वर्षांपूर्वीचा असेल तर लगेच कळतं. सर्वात जुना सापडलेला फोटो म्हणजे मूळ फोटो असेलच असं नाही, एवढं बजावा. यंत्राने बनवलेलं चित्र ओळखण्यासाठी हाताची बोटं मोजायची युक्ती आता टिकणारी नाही. चित्र आलं कुठून, हाच प्रश्न धरून ठेवायचा.

‘विकिपीडिया वापरू नका’ हा फतवा मागे घ्या. लेखाच्या तळाचे संदर्भ कसे उघडायचे आणि ‘इतिहास’ टॅबमध्ये कोणी काय बदललं ते कसं पाहायचं, हे शिकवलं तर तोच उत्तम वर्गपाठ होतो.

चॅटबॉटलाही हेच चार शब्द लावा. तो चुकीची माहिती आणि अस्तित्वात नसलेले संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. त्याने सांगितलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत शोधायला लावा. चॅटबॉटमध्ये नाव, फोटो, घरची भांडणं टाकायची नाहीत. प्रकल्पात त्याची मदत घेतली असेल तर कुठे आणि कशासाठी ते एका ओळीत नोंदवायचं.

चित्रं उचलण्याबद्दल थोडक्यात : गूगलवर दिसलं म्हणजे फुकट नव्हे. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साइटवरून घ्या आणि चित्राखाली चार गोष्टी लिहा : शीर्षक, निर्माता, कुठून घेतलं, परवाना कोणता. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे निर्मात्याने इतरांना वापराची मोकळीक देण्याचे, मुख्य परवाने सहाच आहेत आणि सहाही निर्मात्याचं नाव मागतात.

पाचवा तास : गटातलं वागणं

प्रसंग लिहून द्या : वर्गाच्या चॅट ग्रुपवर एका मुलाचा वेडावाकडा फोटो आला, अकरा जणांनी हसण्याचे इमोजी टाकले, वीस जण गप्प आहेत. प्रश्न त्या वीस जणांचा विचारा, कारण बहुतेक मुलं त्यांच्यातच असतात. ती काय करू शकतात? पुढे पाठवायचं नाही, इमोजी टाकायचा नाही, त्या मुलाला स्वतंत्रपणे ‘बरा आहेस ना?’ विचारायचं, स्क्रीनशॉट काढून मोठ्या माणसाला दाखवायचा. चारचौघांत फोटो टाकणाऱ्याशी भांडणं हाही मार्ग आहे, पण तो प्रत्येकाला जमेलच असा आग्रह नको.

हा प्रसंग नाटुकल्यातून करू नका. ज्याला त्रास सोसणाऱ्याची भूमिका मिळते त्याला ते नाव पुढे महिनाभर चिकटतं. लिखित प्रसंग, काल्पनिक नावं, गटचर्चा एवढं पुरे. गायब होणाऱ्या मेसेजचाही स्क्रीनशॉट निघतो, दुसऱ्या फोनने फोटो तर नेहमीच काढता येतो, हे याच तासात सांगा.

सहावा तास : काही घडलं तर

‘अनोळखी’ हा शब्द इथे कामाचा नाही. तीन आठवडे गेममध्ये रोज बोलणारा माणूस मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्याऐवजी क्रम शिकवा : फार लवकर खास मैत्री, भेटवस्तू किंवा गेममधली नाणी, ‘दुसऱ्या ॲपवर बोलू’, ‘हे आपल्यातच ठेव’, मग फोटोची मागणी, मग धमकी. यातली कोणतीही दोन पावलं एकापाठोपाठ आली की मोठ्यांना सांगायचं.

धमकी आली तर : पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, उत्तर देणं थांबवायचं, काहीही डिलीट करायचं नाही, खात्याचं नाव आणि मेसेज जपून ठेवायचे, मगच ब्लॉक आणि रिपोर्ट. आणि त्याच दिवशी सांगायचं. ‘तू फोटो पाठवला असलास तरी गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे’ हे वाक्य वर्गात मोठ्याने, स्पष्ट म्हणा.

आता शिक्षकांचा भाग. मूल सांगायला आलं तर :

१. पहिलं वाक्य ‘बरं केलंस सांगितलंस’. ‘पण तू का केलंस?’ हा प्रश्न त्या दिवशी नको.
२. गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नका. कोणाला आणि का सांगावं लागेल, ते मुलाला आधी सांगा.
३. त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून घ्या. उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका.
४. मुलांचे खासगी फोटो असतील तर ते पाहू नका, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. पुरावा जपण्याच्या हेतूने केलं तरी अशा फोटोची प्रत बाळगणं अनेक देशांत गुन्हा आहे. फोन बंद करून सुरक्षित ठेवा आणि पुढचं काम पोलिसांवर सोडा.
५. शाळेने नेमलेल्या व्यक्तीकडे त्याच दिवशी नोंद द्या. अशी व्यक्ती नेमलेली नसेल तर पहिला तास घेण्याआधी ती नेमायला हवी.

अठरा वर्षांखालचा असताना काढलेला खासगी फोटो पसरण्याची भीती असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची मोफत सेवा इतर देशांतूनही वापरता येते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून काढलेला ओळखीचा कोड, तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात. मूळ फाइल जवळ असेल तरच ठसा बनतो, म्हणून डिलीट करण्याची घाई नको. सांकेतिक चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोवर ही सेवा चालत नाही.

नंतरचं वर्ष

शेवटी पहिल्या तासाची चिठ्ठी पुन्हा भरून घ्या आणि ‘कोणालाच नाही’चा आकडा ताडून पाहा. लेखी परीक्षा घेऊ नका. व्याख्या सगळ्यांनाच येतात. त्याऐवजी न सांगता एक दावा फळ्यावर लिहा आणि कोण किती वेळात दुसरा टॅब उघडतं ते बघा.

पालकांसाठी लांबलचक पत्रक काढलं तर ते वाचलं जात नाही. एका पानावर तीन गोष्टी पुरतात : शाळेत काय शिकवलं, घरी सांगणाऱ्या मुलाचा फोन शिक्षा म्हणून काढून का घेऊ नये, आणि शाळेत कोणाला भेटायचं. फोन जाणार हे माहीत असलं की मूल पुढच्या वेळी सांगत नाही, एवढं कारण पालकांना पटतं.

पाच मिनिटांच्या उजळण्या इतर विषयांच्या शिक्षकांकडे वाटून द्या. गणितात पासवर्डचे घात. इतिहासात एकाच घटनेच्या दोन साइट्स शेजारी. विज्ञानात, मेसेजमधून फिरणाऱ्या एखाद्या घरगुती उपायाच्या मुळाचा शोध. भाषेच्या तासाला फसव्या मेसेजमधली घाईची क्रियापदं अधोरेखित करायची. प्रत्येकाने महिन्यातून एकदा केलं तरी वर्गाच्या वाट्याला आठवड्याला एक उजळणी येते, आणि संगणक शिक्षक रजेवर गेले तरी ती थांबत नाही.